दरवाजा उचलून लावावा लागतो, काय करू?

या वेळी सदरात इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त दरवाजांवर बोलायचंय, कारण पावसाळा सरला की सांगली-सातारा पट्ट्यातनं हेच प्रश्न येतात. जुनी गाडी चार महिने ताडपत्रीखाली उभी असते, दसऱ्याला पुजायला बाहेर काढायची म्हणून दरवाज्याला हात घालावा तर तो उघडत नाही आणि उघडला तर परत लागत नाही. आलेल्यातले सहा प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकी सगळ्यांनी ते आधी वाचा, कारण पुढचं बरंचसं त्याच्यावरच उभं आहे.

प्रश्न : आमची पद्मिनी १९८४ ची, वडिलांनी नवी घेतलेली. ड्रायव्हरचा दरवाजा हाताने वर उचलून लावावा लागतो, नाहीतर खालचा मागचा कोपरा घासतो, तिथला रंग जाऊन पत्रा उघडा पडलाय. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी पिलरवरचा (दरवाज्याशेजारच्या उभ्या खांबावरचा) लॉकचा तुकडा थोडा खाली सरकवून दिला, महिनाभर बरं चाललं, आता परत तसंच आणि वर दोनदा आपटल्याशिवाय लागतच नाही. लॉक नवीन टाकू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लॉकला हात लावू नका, निदान आत्ता तरी नको. दरवाजा बसला की सगळे पहिल्यांदा लॉकवर जातात कारण ते समोर दिसतं, दोन स्क्रू ढिले केले की सरकतं आणि गिऱ्हाईक पाच मिनिटांत खूश होऊन घरी जातं. पण दरवाजा लॉकवर लटकत नाही हो, तो लटकतो बिजागऱ्यांवर, बिजागऱ्या असतात पुढच्या पिलरवर आणि पिलर उभा असतो खालच्या उंबऱ्यावर, गॅरेजमध्ये ज्याला सिल म्हणतात त्यावर. लॉकचा नंबर सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे काय झालं, खाली बसलेला दरवाजाच बरोबर धरला आणि लॉक त्याच्या मापाला आणलं, मग दरवाजा आणखी बसायला मोकळा झाला.

आता घरच्या घरी करायची तपासणी सांगतो, पाना-पेचकस काही लागत नाही. दरवाजा अर्धा उघडा, मागच्या खालच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा, आणि घरातल्या पोराला टॉर्च घेऊन बिजागऱ्यांकडे बघायला बसवा, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात. त्याला एवढंच विचारा की नक्की काय हलतंय. पिन तिच्या भोकात हलतेय, की बिजागरीचं पान पिलरवर हलतंय, की पान आणि पिलरचा पत्रा दोन्ही मिळून आत-बाहेर होतायत? पिन हलत असेल तर काम लेथवाल्याचं. पान हलत असेल तर स्क्रू ढिले झालेत किंवा आतले आटे गेलेत. आणि पत्राच आत-बाहेर होत असेल तर पिलर गंजलाय किंवा चिरलाय, मग आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर. काहीच हलत नाही तरी दरवाजा खाली आहे असं असेल तर बिजागरी वाकलेली तरी आहे नाहीतर बॉडीच बसलेली आहे, त्याचं खाली तिसऱ्या प्रश्नात येईल.

फटी पण बघून ठेवा, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर उपयोगी पडतात. बसलेला दरवाजा सरळ खाली येत नाही, तो फिरतो. वरची बिजागरी जास्त झिजते कारण दरवाजाचं वजन तिला सतत मागे ओढत असतं, त्यामुळे दरवाजाचा वरचा भाग मागे जातो आणि खालचा पुढे दाबला जातो. मग मधल्या पिलरजवळची फट वर बारीक आणि खाली रुंद दिसते, आणि खाली उंबऱ्याजवळ मागच्या टोकाला फट मिटते, तिथेच तुमचा रंग गेलाय. किती बारीक झिजेला किती फरक पडतो ते ऐका. दोन बिजागऱ्यांमध्ये साधारण एक फूट अंतर धरा आणि दरवाजा तीन फूट लांब धरा, म्हणजे वरच्या पिनमध्ये अर्धा मिलिमीटर जरी ढिल असली तरी लॉकच्या टोकाला दरवाजा दीड मिलिमीटर खाली येणार. अर्धा मिलिमीटर नुसत्या डोळ्याला दिसत सुद्धा नाही, म्हणूनच लोक बिजागरी चांगलीय म्हणतात आणि लॉकवर घसरतात.

ड्रायव्हरचाच दरवाजा का, तर तो सगळ्यात जास्त उघडला जातो हे एक आणि उतरताना आपण त्याच्यावर हात टाकून अख्खं वजन देऊन उठतो हे दुसरं. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना पिलर धरून उठायची सवय लावा, प्रेमाने सांगा पण सांगाच.

पिनचं काम कसं होतं ते समजून घ्या म्हणजे गॅरेजमध्ये नीट बोलता येईल. आधी बिजागरी पिलरला स्क्रूने बसवलीय की वेल्ड केलेली आहे ते बघायचं. स्क्रूची असेल तर पानाच्या कडेने सुईने किंवा पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची, परत बसवताना हीच रेघ सगळ्यात मोठा आधार असते आणि ती न मारता बिजागरी सोडणारा माणूस दिसला तर गाडी परत घेऊन या. गंज सोडवणारं ऑइल आदल्या दोन दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ मारायचं. चाळीस वर्षांचे स्क्रू साध्या पेचकसाने सुटत नाहीत, डोकं खाऊन टाकतात, त्याला हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो आणि घाई चालत नाही. दरवाजा काढताना दोन माणसं पाहिजेतच, काचेसकट सहज वीस-पंचवीस किलो भरतो, खाली जॅकवर पोतं टाकून त्याच्यावर टेकवून मग शेवटचा स्क्रू सोडायचा. वायर दरवाजात गेली असेल तर आधी ती.

पिन ठोकून बाहेर आली की व्हर्नियरने पिन मोजा आणि भोक पण मोजा. भोक नुसतं मोठं झालेलं नसतं, ते लांबट झालेलं असतं, अंड्यासारखं. म्हणून नुसती नवी पिन घालून काही होत नाही, हे मला फार कळकळीने सांगायचंय कारण निम्म्या गाड्यांत तेवढंच करतात आणि दोन महिन्यांत परत तेच. भोक रीमरने गोल करून घ्यायचं आणि त्या मापाची थोडी जाड पिन लेथवर बनवायची, किंवा भोक मोठं करून गनमेटलचं बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवायचं आणि पिन मूळ मापाचीच ठेवायची. मी दुसरं पसंत करतो, पुढे झिज झाली तर नुसतं बुश बदललं की काम होतं. आपल्याकडे लेथवाल्यांना तोटा नाही, कुपवाड एमआयडीसीत आणि माधवनगर रोडला पंप-मोटारीची कामं करणारे जे टर्नर आहेत त्यांना ही कामं हातखंडा येतात, फक्त त्यांना "दरवाज्याची पिन" एवढंच सांगू नका, भोक मोजून कागदावर माप लिहून न्या आणि पिन हाताने फिरेल पण हलणार नाही इतपत ठेवा म्हणून सांगा.

आता एक जुनी युक्ती आहे ती तुम्हाला कुणीतरी सुचवणारच, बिजागरीत लाकडाचा ठोकळा घालून दरवाजा दाबायचा म्हणजे बिजागरी थोडी वाकून दरवाजा वर येतो. युक्ती खोटी नाही. जाणत्या डेंटरच्या हातात, पिन घट्ट असताना आणि बिजागरी खरंच वाकलेली असताना ती चालते. पण झिजलेल्या पिनला ते औषध नाही, आणि पिलरचा पत्रा आतून गंजलेला असेल तर ठोकळ्याने पत्रा फाटतो, मग तीनशे रुपयांचं काम कुठल्या कुठे जातं. तुमच्या गाडीला नको.

सगळं बसल्यावर लॉकचा तुकडा पिलरवरनं पूर्ण काढून ठेवा आणि दरवाजा नुसता एका बोटाने लावून बघा. कुठेही न घासता, वर-खाली न होता तो आत येऊन बसला पाहिजे, चारी बाजूंनी फट सारखी. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते असं झाल्याशिवाय लॉक हातातच देत नसत, डबीत घालून स्वतःच्या खिशात ठेवत. मग लॉकचा तुकडा लावा, स्क्रू हलके आवळा, दरवाजा हळू लावा, तुकडा आपोआप आपली जागा घेतो, मग पूर्ण आवळा. लागताना दरवाजा तुकड्यावर चढतोय का ते बघायला तुकड्याला शाळेचा खडू घासा, खडू कुठे पुसला ते सगळं सांगून जातं. अजून मिलिमीटरभर उचलायचा राहिला तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याची पॅकिंग घाला, वरच्या नाही, खालच्या. खालचा भाग मागे ढकलला की मागचं टोक वर येतं, आणि तेच एकास तीनचं गणित इथे आपल्या बाजूने चालतं, अर्ध्या मिलिमीटरची पॅकिंग दीड मिलिमीटर उचलते.

आणि तोवर आपटणं बंद. एकेका आपटण्याने पिनचं भोक आणखी लांबट होतं, काच खाली उतरते, लॉकचा खटका झिजतो. उचलून लावताय तेच बरोबर आहे, तसंच लावत राहा काम होईपर्यंत.

प्रश्न : गाडीची चारही दरवाज्यांची रबरं नवीन टाकली आणि आता एकही दरवाजा लागत नाही, पूर्वी व्यवस्थित लागत होते. अँबेसिडर आहे. रबरं परत करू का?
– गोडोली, सातारा

उत्तर : पूर्वी व्यवस्थित लागत होते ना, मग बिजागरी-लॉक कशालाच हात लावू नका. आधी जुन्या रबराचा तुकडा आणि नव्याचा तुकडा शेजारी ठेवून बघा. जुनं पोकळ होतं आणि नवीन भरीव आलंय असं बऱ्याचदा होतं, दुकानदार "सगळ्यांना हेच बसतं" म्हणून देतात. भरीव असेल तर परतच करा, ते दबणारच नाही आणि दरवाजाला कायम बाहेर ढकलत राहणार, त्याने चांगल्या बिजागऱ्या खराब होतील. पोकळ असेल आणि जाडी तीच असेल तर दोन-तीन आठवडे दरवाजे बंद करून गाडी उन्हात उभी ठेवा, रबर बसतं. कोपऱ्यांत रबर गोळा झालंय का ते पण बघा, ओढून चिकटवण्याऐवजी कोंबून चिकटवलेलं असतं. वहीचा कागद मध्ये धरून दरवाजा लावा आणि ओढा, सगळीकडे सारखा घट्ट निघाला पाहिजे, एका जागी फाटतोय आणि दुसरीकडे सळकन निघतोय तर तेवढ्याच जागेचं रबर सोडवून परत लावा.

प्रश्न : आमचं घर गावभागात आहे. २०१९ च्या पुरात अँबेसिडर पाच दिवस पाण्यात होती, इंजिन वगैरे सगळं करून घेतलं, गाडी चालते. पण गेल्या वर्षापासून डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे घट्ट झालेत, त्यात मागे तीन माणसं बसली की उघडतच नाहीत, उतरली की उघडतात. बिजागऱ्या तपासल्या, त्यात काही ढिल नाही. दरवाजाची कड थोडी घासून घेऊ का?
– गावभाग, सांगली

उत्तर : नाही, कड अजिबात घासू नका, कृपा करून. तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. माणसं बसली की दरवाजा अडकतो आणि उतरली की सुटतो म्हणजे दरवाजाची चौकटच आकार बदलतेय. घराची भिंत खचली की दार अडकतं तेव्हा आपण दार तासत बसत नाही, पाया बघतो. इथे पाया म्हणजे उंबरा, डाव्या बाजूचा.

अँबेसिडरला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरनं ती घेतली तेव्हापासून २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं उत्पादन थांबेपर्यंत बॉडी हीच तिची ताकद होती. पद्मिनीचंही तेच. अशा गाडीत दोन्ही बाजूंचे पोकळ उंबरे गाडीचं बरंचसं वजन पेलतात, ते आतून कुजले की गाडी मधनं वाकते आणि दरवाज्यांच्या चौकटी वरच्या बाजूला मिटतात.

आणि पुराचं पाणी हे नुसतं पाणी नसतं हे आपल्या सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ओसरल्यावर घराघरात काय गाळ निघाला ते आपण पाहिलंय. तोच गाळ दरवाज्यांच्या पोटात आणि उंबऱ्याच्या पोकळीत जाऊन बसला. सीट धुतल्या, गालिचे बदलले, पण पोकळीतला गाळ कोण काढणार. तो ओल धरून ठेवतो, वरून वाळलेला दिसतो आणि आतून पत्रा खात असतो, आणि त्याचा परिणाम दोन-चार वर्षांनीच दिसतो म्हणून लोक त्याचा पुराशी संबंधच लावत नाहीत.

तपासा असं. उंबऱ्याच्या खालच्या बाजूला अंगठ्याने जोर देऊन दाबत पुढून मागे जा, मग पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज म्हणजे पत्रा आहे, भदभद आवाज म्हणजे आत गाळ किंवा वर लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग सपाट जमिनीवर गाडीच्या जॅक लावायच्या ठरलेल्या जागी जॅक लावून थोडी उचला आणि दरवाजाच्या वरच्या फटीवर लक्ष ठेवा, फट डोळ्यादेखत बदलत असेल तर शंका राहत नाही. उचलताना पत्रा कुरकुरला, जॅक आत घुसायला लागला तर तिथेच थांबा आणि खाली घ्या, गाडीखाली हात-पाय घालू नका.

दुरुस्ती आहे, घाबरू नका, पण ती ज्याला मोनोकॉक, म्हणजे अशा बिनचेसिसच्या, बॉडीचं काम माहिती आहे त्याच्याकडेच करा आणि काम द्यायच्या आधी त्याला एकच प्रश्न विचारा, उंबरा कापायच्या आधी काय करणार? त्याने सांगितलं पाहिजे की गाडी लेव्हलमध्ये घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) घेणार, वजन बरोबर जागी पेलून फटी नीट आणणार, दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार टाचणार आणि मगच कापणार, तेही एका वेळी एकच बाजू. दरवाजे मधे मधे लावून बघणार, कारण दरवाजा हाच त्या कामाचा साचा आहे. हे न करता कुणी नुसता वरून नवा पत्रा ठोकून देतो म्हणाला तर गाडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची वेल्ड होणार, मग पुढे कुणीही आलं तरी ते दरवाजे लागणार नाहीत. उंबऱ्याला आतला पत्रा असतो तो आधी, बाहेरचा नंतर. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडलेली पाहिजे आणि जवळपासची पेट्रोलची लाइन, गालिचे, रबर सगळं बाजूला. झाल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारून घ्या, जळकं इंजिन ऑइल मारायची पद्धत आहे आपल्याकडे पण ते रबरं खातं आणि घाण धरतं, मला ते पटत नाही.

उजवी बाजू आज बरी असली तरी तिच्याही पोटात तोच गाळ आहे. आत्ताच प्लॅस्टिकच्या खुट्ट्या काढून कमी प्रेशरच्या पाण्याने उंबरे धुवा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवा. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायच्या दोन-तीन बारीक फटी असतात, रंग मारताना त्या लांबीने बुजलेल्या असतात, खराट्याच्या काडीने मोकळ्या करा, तार घालू नका रंग खरवडला जातो. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्या सगळ्यांनी हे एवढं एक काम या रविवारी करा, चालतेय म्हणून सोडू नका.

प्रश्न : सासऱ्यांची डुक्कर फियाट (जुनी फियाट ११००) आहे, घरात सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर. पुढचा डावा दरवाजा लावताना खटका एकदाच वाजतो आणि रस्त्याला खडखडत राहतो. परवा यवतेश्वरच्या घाटात तो थोडा सुटल्यासारखा झाला, मी धरून बसले. मुलगा म्हणतो दोरी बांधू. शिवाय त्याच बाजूचा मागचा दरवाजाही खाली आलाय.
– एक वाचक, सदर बझार, सातारा

उत्तर : ताई, आधी गाडी उभी करा, दुरुस्त होईपर्यंत त्या सीटवर कुणी बसायचं नाही आणि घाटात तर अजिबात नाही. मी हे भीती घालायला लिहीत नाही. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, त्यांची बिजागरी मागे, मधल्या पिलरवर आणि लॉक पुढे असतं. पुढे बिजागरी असलेला दरवाजा चालत्या गाडीत सुटला तर वारा त्याला परत बंद करायला बघतो, तुमचा सुटला तर वारा त्याला धरून पूर्ण उघडून टाकतो, आणि त्या गाडीत बेल्ट नाही. चालत्या गाडीत सुटलेला दरवाजा हाताने धरायचाही नाही, तो माणसाला सोबत ओढतो. दोरी हा उपाय नव्हे, अपघात झाला तर आतलं माणूस बाहेर निघणार नाही.

आता तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्या गाडीत पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दरवाज्यांच्या बिजागऱ्या एकाच मधल्या पिलरवर आहेत. एकाच बाजूचे दोन्ही दरवाजे एकदम खाली आले म्हणजे चार बिजागऱ्या एकदम झिजल्या असं सहसा होत नाही, पिलरचा पायच कुजला असणार, जिथे तो उंबऱ्यात उतरतो तिथे. पायाजवळचा गालिचा उचला आणि बघा, दोन्ही दरवाजे उघडे ठेवून पिलरला वरून हाताने हलवा. हलला तर वरच्या तिसऱ्या उत्तरातलं सगळं तुम्हाला लागू. हलला नाही तर बिजागऱ्यांची तपासणी पहिल्या उत्तरासारखी, फक्त दिशा उलटी, तुमचा पुढचा दरवाजा पुढच्या टोकाला बसणार.

खटका एकदाच वाजतो त्याचं कारण असं की बऱ्याच लॉकना दोन टप्पे असतात आणि दरवाजा खाली असल्यामुळे दुसरा टप्पा मिळतच नाही. त्यात आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं. पण दरवाजा जागेवर आल्याशिवाय लॉक उघडून साफ करून उपयोग नाही. जागेवर आला की लॉक काढून डिझेलमध्ये रात्रभर ठेवा, ब्रशने धुवा, खटक्याची कड गोल झाली असेल तर बदला, आणि बदलायला तुकडा मिळाला नाही तर चांगल्या कारागिराकडनं कड भरून घासून घ्या. हे लॉक माणसाचा जीव धरून ठेवतं, तिथे चालवून घेऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या फियाटचा दरवाजा फुगतो आणि उन्हाळ्यात मोकळा होतो, घरच्या सागवानी दरवाजासारखा. काय लावावं?
– तासगाव

उत्तर : पत्रा पावसाने फुगत नाही. दुमडलेल्या कडेच्या आत पाणी राहून गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्याने कड जाड होते. उन्हाळ्यात रबर मऊ पडून दबतं आणि काचेच्या खाचेतलं फेल्ट वाळतं म्हणून मोकळा वाटतो इतकंच. खालची कड बोटाने चाचपा, खपल्या लागल्या तर घासून प्रायमर मारा आणि वर लिहिलेल्या पाणी जायच्या फटी उघडा. काचेच्या खाचेतलं फेल्ट पण बदला, स्वस्त असतं.

मात्र १९३० च्या आसपासच्या कितीतरी गाड्यांच्या दरवाज्यांत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो, त्या खरंच फुगतात आणि बसतातही. सांधे ढिले होतात, बिजागरीचे स्क्रू लाकडात फिरतात. तिथे वेल्डर नको, जुना जाणता सुतार बोलवा, आणि त्याला स्क्रू मोठा टाकू देऊ नका, भोकात लाकडाची खुंटी चिकटवून मूळ मापाचाच स्क्रू परत बसवायला सांगा.

प्रश्न : स्टँडर्ड हेरल्ड पूर्ण सोडवून रंगवून घेतली. सगळे दरवाजे रंगाच्या आधी बसत होते, आता परत जोडल्यावर दोन्हीकडे वर फट बारीक, खाली बोट जातंय. बिजागऱ्यांत पॅकिंग घालून दमलो. रंग नवा आहे, घासायची भीती वाटते.
– कराड

उत्तर : बिजागऱ्यांतली सगळी पॅकिंग काढून टाका, चूक तिथे नाही. हेरल्ड ही वर लिहिलेल्या गाड्यांपेक्षा वेगळी, तिला खाली खरी चेसिस आहे आणि बॉडी वेगवेगळ्या भागांत बोल्टने जोडून त्या चेसिसवर बसवलेली आहे. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये प्रत्येक बोल्टला पॅकिंग असतात, कुठे एक, कुठे दोन, आणि सोडवताना ती सगळी एका डब्यात टाकली जातात. तुमचीही तशीच गेली असणार. दोन्ही बाजूंना सारखाच दोष आहे यावरनंच कळतं की बिजागरी नाही, बॉडीचा एखादा भाग कलून बसलाय.

दोन्ही दरवाजांच्या कडांना दोन थर मास्किंग टेप लावा म्हणजे रंग वाचेल. गाडी चाकांवर उभी पाहिजे, घोड्यांवर नाही, आणि टायरमध्ये हवा सारखी. मग बॉडीचे बोल्ट सगळे अर्धे ढिले करा, काढू नका. वर बारीक आणि खाली रुंद आहे म्हणजे दरवाजाच्या पुढचा आणि मागचा भाग वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेत. मागच्या भागाच्या पुढच्या बोल्टांखाली, म्हणजे दरवाजाच्या अगदी मागे जे आहेत तिथे, एक-एक पातळ पॅकिंग वाढवून बघा, त्याने तो भाग मागे कलतो आणि वरची फट उघडते. एका वेळी एकच जागा, आणि काय केलं ते खडूने तिथेच चेसिसवर लिहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत आपण कुठून निघालो तेच आठवत नाही. फट मापायला चार मिलिमीटरच्या प्लायची पट्टी कापून घ्या, ती चहूकडे सारखी फिरली पाहिजे. काळजीपूर्वक केलं तर दोन दिवस जातील, ते जाऊ द्या, एवढी गाडी सोडवून जोडलीत.

फटी जमल्या की बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे थोडे थोडे आवळत जा, एकदम एक पूर्ण आवळला तर भाग परत कलतो. मग कराड ते उंब्रज जाऊन या, परत प्लायची पट्टी फिरवा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा बघा. मास्किंग टेप तोपर्यंत काढू नका.